साडेपाच किलो आणि अर्धा मिलिमीटर

ऑलिंपिकमधल्या दहा मीटर एअर रायफल प्रकारात रायफलचं वजन जास्तीत जास्त ५.५ किलो असू शकतं. साइट, दस्त्याचे सगळे जोड, वरून लावलेली वजनं, सगळं धरून. पुरुषांना तेवढंच, महिलांनाही तेवढंच. हे धूड उभ्याने पेलायचं आणि नेम धरायचा तो दहाच्या ठिपक्यावर, ज्याचा व्यास आहे ०.५ मिलिमीटर. गंमत म्हणजे तो ठिपका नेमबाजाला दिसतच नाही. त्याला दिसतं मधलं काळं वर्तुळ. ते साइटच्या गोलात बरोबर मधोमध बसवायचं आणि ठिपका आत आहे यावर विश्वास ठेवायचा.

आता त्यातून सुटणारा छर्रा बघा. व्यास ४.५ मिलिमीटर, वजन साधारण अर्धा ग्रॅम. म्हणजे रायफल छर्‍याच्या आठ ते दहा हजार पट जड. एवढासा जीव उडवायला एवढं लोखंड-अ‍ॅल्युमिनियम कशाला, असा प्रश्न पहिल्यांदा रेंजवर गेलेल्या प्रत्येकाला पडतो. दुसरा प्रश्न त्याहून व्यावहारिक: मग जितकी जड तितकी चांगली का? तर नाही. वजन किती, हे काट्यावर कळतं. ते रायफलमध्ये कुठे आहे आणि अंगात कुठे उतरतंय, हे काटा सांगत नाही, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

पाव मिलिमीटरची चूक

छर्‍याची कड दहाच्या ठिपक्याला नुसती टेकली तरी दहा मिळतात. त्यामुळे छर्‍याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालतं. ऐकायला बरं वाटतं. पण दस्ता खांद्यावर स्थिर आहे आणि नळीचं टोक तिथून साधारण मीटरभर पुढे आहे असं धरा. टार्गेट दहा मीटरवर. म्हणजे टोक पाव मिलिमीटर हललं की तिकडे छर्रा अडीच मिलिमीटर सरकला. पाव मिलिमीटरहून जास्त हललात की दहा गेले, नऊ पूर्णांक काहीतरी आले. अलीकडे गुण दशांशात मोजतात आणि सर्वोत्तम फटका १०.९ चा असतो. तो हवा असेल तर वरच्या हिशेबाला आणखी दहाने भागा.

श्वास, हृदयाचे ठोके, पोटातली सकाळची कॉफी, सगळ्यांचा हिशेब या पाव मिलिमीटरात होतो.

हाडावर ठेवा, स्नायूवर नको

नवा मुलगा रेंजवर येतो, रायफल उचलतो आणि डाव्या हाताने ती धरून ठेवायला लागतो. दंड फुगतो, अर्ध्या मिनिटात खांदा थरथरतो, साइटमधलं काळं वर्तुळ बाहेर पळतं. कोचचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हाताने उचलू नकोस, ठेव."

ठेवायची कुठे? उजव्या हाताने चाप ओढणार्‍या नेमबाजाचा डावा कोपर त्याच्या डाव्या कंबरेच्या हाडावर, नाहीतर त्याच्या जरा वर बरगड्यांवर टेकलेला असतो. कंबर टार्गेटच्या दिशेने पुढे सरकवलेली, पाठ मागे झुकलेली आणि थोडी पिळलेली. डावा हात कोपरापासून मुठीपर्यंत जवळपास उभा. रायफल मुठीवर, मूठ हातावर, हात कंबरेवर, कंबर डाव्या पायावर. वजन हाडांच्या या उतरंडीतून सरळ जमिनीत जातं. दंडाच्या स्नायूला काम राहत नाही, आणि ज्या स्नायूला काम नाही तो थरथरतही नाही.

पाठ मागे का झुकवायची, याचा हिशेब घरी बसून करता येतो. नेमबाज ५५ किलोचा, रायफल ५ किलोची, आणि रायफलच्या वजनाचा मध्य शरीराच्या मध्यरेषेपासून २५ सेंटिमीटर बाहेर. दोघांचा मिळून तोल साधारण दोन सेंटिमीटर रायफलकडे सरकतो. पावलांच्या जेमतेम जागेवर तासभर उभं राहायचं तर ते दोन सेंटिमीटर धड उलट बाजूला झुकवून भरून काढावे लागतात. म्हणून फोटोत रायफल नेमबाज असे विचित्र वाकलेले दिसतात. स्टाइल नाही ती, बेरीज-वजाबाकी आहे.

या पिळाची किंमत पाठ मोजते. कंबरदुखी ही रायफलवाल्यांची नेहमीची तक्रार, आणि कारण उघड आहे: रोज, एकाच बाजूला, एकाच कोनात, पाच किलो. जाड कापडाचं ते ताठ जॅकेट धडाला आधार देतं, पण त्याच्याही जाडीवर आणि ताठपणावर नियम आहेत आणि स्पर्धेआधी दोन्ही मोजले जातात. ताठ जॅकेट, ताठ पँट आणि सपाट तळाचे बूट घालून नेमबाज पोझिशनकडे कसे चालत जातात ते एकदा बघाच. स्वतः नेमबाजही त्यावर हसतात.

आणखी एक हिशेब, जरा गंमतीचा. स्पर्धेत साठ फटके, त्याआधी साइटर म्हणजे सरावाचे. मधूनच नेम न जमल्याने खाली घेतलेली रायफल वेगळी. ऐंशी वेळा उचलली असं धरलं आणि पाच किलो धरले, तर एका स्पर्धेत चार क्विंटल उचलून झाले. २०१७ पर्यंत महिलांना चाळीसच फटके असायचे. २०१८ पासून त्यांनाही साठ झाले. रायफल तीच, हमाली दीडपट.

किलोचं पिस्तूल, पाच किलोची रायफल: दमवतं कोण?

एअर पिस्तुलाची कमाल मर्यादा १.५ किलो. रायफलच्या पावपटीहून थोडी जास्त. तरीही पाच मिनिटं धरून उभं राहायला सांगितलं तर बहुतेकजण पिस्तूल आधी खाली ठेवतील. कारण पिस्तूल एका हाताने, हात सरळ लांब करून धरायचं असतं. किलोभर वजन खांद्यापासून पाऊण मीटर दूर लटकलेलं, हाडाचा आधार शून्य. सगळा भार खांद्याच्या स्नायूंवर.

कोल्हापूरने दोन्ही प्रकारांत नाव काढलेलं आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेती झाली, तेव्हा तिने ६०० पैकी ५९७ गुण घेऊन विश्वविक्रमाची बरोबरी केली. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. तेजस्विनीच्या प्रकारात पोटावर झोपून नेम धरायचा असतो. रायफलचं वजन दंडाला बांधलेल्या पट्ट्यावर आणि कोपरांतून जमिनीवर. राहीच्या प्रकारात तो लांब केलेला एकच हात. तालीम दोघींची कडक, पण दुखण्याच्या जागा पूर्ण वेगळ्या.

शंभर ग्रॅमची जादू

महागड्या स्पर्धा रायफलबरोबर वजनाच्या छोट्या चकत्या येतात, स्क्रूने बसवायच्या. काही नळीवर, काही पुढच्या भागाखाली, काही मागे दस्त्याजवळ. एक चकती सरकवण्यात नेमबाज अख्खी दुपार घालवतात आणि बाहेरून बघणार्‍याला ते वेड वाटतं.

वेड नाही. दोरीवर चालणारी डोंबार्‍याची पोर हातात आखूड दांडकं घेत नाही, लांब बांबू घेते. बांबूचं वजन तिच्यापासून दूर, दोन्ही टोकांना पसरलेलं असल्याने तो पटकन गिरकी घेत नाही आणि तिला सावरायला वेळ मिळतो. रायफलमध्येही हेच भौतिकशास्त्र. वजन तोलाच्या बिंदूपासून किती दूर आहे त्याच्या वर्गाने फरक पडतो. शंभर ग्रॅमची चकती तोलापासून १५ सेंटिमीटरवर लावली तर काही विशेष जाणवत नाही. तीच ६० सेंटिमीटरवर, नळीच्या टोकाला लावली की रायफलच्या फिरण्याला होणारा तिचा विरोध सोळापट. अंतर चौपट, परिणाम सोळापट. काट्यावर दोन्ही वेळा शंभरच ग्रॅम.

म्हणून पुढे जड असलेली रायफल सावकाश हलते. थरथर बारीक होते, नेम धिम्या गतीने ठिपक्याभोवती फिरतो. मागे जड असलेली चपळ, पण चंचल. मात्र पुढचं वजन फुकट मिळत नाही. तोल पुढे गेला की डाव्या मुठीवरचा भार वाढतो आणि रायफल नाक खाली घालायला बघते. चाळिसाव्या फटक्यानंतर त्याचा हिशेब चुकता करावा लागतो. माझं मत विचाराल तर नवख्याने पहिलं वर्षभर चकत्या डब्यातच ठेवाव्यात. पोझिशन रोज बदलत असताना वजन सरकवून काय सापडणार?

पुढचं वजन न वाढवता नेम सुधारायची एक नामी युक्ती आहे. नळीच्या पुढे पोकळ, हलकी ट्यूब जोडायची आणि पुढची साइट तिच्या टोकावर बसवायची. दोन साइटमधलं अंतर वाढतं, चूक लवकर दिसते, आणि वजन मात्र नगण्य. नियमाने यालाही लगाम घातलाय: यंत्राच्या मागच्या टोकापासून ट्यूबच्या टोकापर्यंत ८५० मिलिमीटरच्या पुढे जायचं नाही.

जत्रेतली बंदूक बिचारी बदनाम

फुग्यांची फळी, मागे पत्रा, पुढे बाकड्यावर तीन-चार बंदुका. पोरगा नळी मोडतो, छर्रा कोंबतो, खटकन बंद करतो आणि बंदूक आपल्या हातात देतो. आपण लाल फुग्यावर नेम धरतो, फुटतो शेजारचा पिवळा, नाहीतर काहीच नाही. मग "माशी वाकडी केलीय यांनी" असं म्हणून आपण पैसे देतो. माशी, म्हणजे पुढची साइट, वाकडी असतेही बर्‍याचदा. पण गुन्हेगार एकटी माशी नव्हे, वजनही त्यात सामील असतं.

ही बंदूक स्प्रिंगची. चाप ओढला की दाबलेली स्प्रिंग सुटते, पिस्टन जोरात पुढे जातो, हवा दाबली जाते आणि छर्रा सुटतो. पिस्टन पुढे निघाला की बंदूक मागे निघते. पिस्टन पुढच्या टोकाला पोचून थांबला की बंदूक परत पुढे. साध्या बंदुकीचा धक्का एकाच बाजूला, हिचा दोन्ही बाजूंना. आणि या सगळ्या धामधुमीत छर्रा अजून नळीतच असतो.

समजा पिस्टन पाव किलोचा आणि तो आठ सेंटिमीटर धावला. बंदूक तीन किलोची असेल तर तिला मोकळी सोडल्यास ती जवळपास सात मिलिमीटर मागे येईल. साडेचार किलोची असेल तर साडेचार मिलिमीटरच्या आत. दीडपट वजन, दोन तृतीयांश हालचाल. इथे जड बंदूक सरळ सरळ जिंकते.

तुलनेला स्पर्धेतली दाबलेल्या हवेची रायफल घ्या. तिच्यात पिस्टनच नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा ४२ सेंटिमीटरच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत साडेचार किलोची रायफल मागे येते मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी. सात मिलिमीटर कुठे आणि हे कुठे!

स्प्रिंगवाल्यांनी म्हणूनच एक वेगळी पकड शोधली. बंदूक आवळायची नाही. पुढचा हात नुसता तळवा म्हणून ठेवायचा, खांद्याला हलकं टेकवायचं आणि तिला हवं तसं उसळू द्यायचं. आवळली की प्रत्येक वेळी पकड थोडी वेगळी पडते, उसळी वेगळी होते, ग्रुपिंग, म्हणजे टार्गेटवरचा छिद्रांचा पुंजका, विस्कटतं. सैल सोडली की दरवेळी सारखीच उसळते. जत्रेत आपण काय करतो? शेजारी बायको बघतेय म्हणून दात-ओठ खाऊन आवळतो.

जर्मन कारखानदारांनी यावर यंत्राचा उतारा काढला, तोही १९६० च्या दशकात. डायनाने एकमेकांविरुद्ध धावणारे दोन पिस्टन बसवले, म्हणजे एकाचा धक्का दुसर्‍याने खाल्ला. फाइनवेर्कबाउने नळी आणि यंत्र मिळून सगळाच भाग दस्त्यावरच्या रुळांवर ठेवला. चाप ओढला की तो मागे घसरतो, दस्ता मात्र गालाशी जागच्या जागी. दोन्ही उपाय झकास, आणि दोन्हींनी बंदुका जड केल्या. त्या काळच्या नेमबाजांनी तक्रार केली नाही, कारण उभ्याने नेम धरणार्‍याला ते वजन हवंच होतं.

चाप जड, बंदूक हलकी

साध्या स्प्रिंग बंदुकीचा चाप ओढायला दोन-तीन किलोचा जोर लागू शकतो. बंदूक स्वतः तीन किलोची. म्हणजे बोट बंदुकीला तिच्याच वजनाइतक्या जोराने ओढतंय, आणि तेही बहुधा थोडं उजवीकडे. मग ती सरळ राहील कशी? स्पर्धेच्या रायफलला चापाच्या किमान वजनाची अट नाही, त्यामुळे तो शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याच्याही खाली ठेवतात. एअर पिस्तुलाला मात्र किमान ५०० ग्रॅमची अट आहे, २५ मीटर पिस्तुलाला थेट १००० ग्रॅमची. जत्रेतल्या बंदुकीत सुधारणा करायची झाली तर माशीच्या आधी चापाकडे बघावं लागेल.

साडेचार किलोंची जुनी ओळख

हवेची रायफल म्हणजे खेळणं, हा समज ऑस्ट्रियाच्या सैन्याला नव्हता. १७८० च्या सुमारास बार्तोलोमेओ जिरांदोनी याने बनवलेली हवेची रायफल त्यांच्या सैन्यात दाखल झाली. वीसेक गोळ्या एकामागून एक, धूर नाही, मोठा बार नाही. वजन सुमारे साडेचार किलो, म्हणजे आजच्या ऑलिंपिक रायफलच्या पंगतीतलं.

पण तोल अगदी उलटा. तिचा दस्ता म्हणजेच हवेची लोखंडी टाकी. वजन मागे, खांद्याशी. ती टाकी भरायला हातपंपाचे सुमारे १५०० झटके मारावे लागत. शिपायाजवळ भरलेल्या दोन जादा टाक्या असत. रायफल साडेचार किलोची म्हणायची, पण प्रत्यक्षात पाठीवर काय काय असेल ते समजून घ्या. पंप मारून मारून हात भरून आल्यावर नेम कसा लागत असेल, हा माझा आवडता प्रश्न आहे.

अशीच एक रायफल मेरीवेदर लुइसने अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मोहिमेवर नेली आणि वाटेत भेटलेल्या लोकांपुढे तिची प्रात्यक्षिकं केली. मोहिमेच्या अगदी सुरुवातीला, ऑगस्ट १८०३ मध्ये, ती बघायला घेतलेल्या एका माणसाच्या हातून चुकून सुटली आणि गोळी लांबवर उभ्या असलेल्या बाईच्या कानशिलाला चाटून गेली. बाई वाचली. हवेची बंदूक म्हणून कुणाकडेही रोखून खेळू नये, हे तेव्हापासून कागदोपत्री आहे.

हवेलाही वजन असतं राव

आजच्या स्पर्धा रायफलच्या नळीखाली एक सिलिंडर असतो. त्यात हवा २०० बारपर्यंत दाबून भरतात. सिलिंडरची आतली जागा दीडशे मिलिलिटर धरली तर त्यात मावलेल्या हवेचं वजन भरतं सुमारे ३६ ग्रॅम. म्हणजे सत्तरेक छर्‍यांचं वजन, नुसत्या हवेचं.

आता प्रत्येक फटक्याला थोडी हवा खर्च होते. साइटर आणि साठ फटके संपेपर्यंत रायफलच्या पुढच्या बाजूचे काही ग्रॅम हवेत विरलेले असतात, अगदी शब्दशः. हा फरक कुणाला जाणवतो का? हाताला जाणवणं अवघड. पण स्पर्धेआधी सिलिंडर भरलेला आहे ना, हे नेमबाज डोळ्यात तेल घालून बघतात. खरं कारण दाब असतं. वजनाचं निमित्त त्यांना मीच चिकटवतोय. सिलिंडरची मुदत संपलेली नाही ना, हेही खेळाडूनेच पाहायचं. दोनशे बार गालापासून वीतभर अंतरावर असतात, त्यामुळे हा नियम कुणालाच जाचक वाटत नाही.

त्याआधीच्या पिढीकडे हा आराम नव्हता. वाल्थरच्या एलजीआर या १९७४ च्या रायफलला प्रत्येक फटक्याआधी बाजूचा दांडा ओढून हवा दाबावी लागे. उसळी नाही, नेम सुंदर, पण साठ फटके म्हणजे साठ वेळा तो व्यायाम. सिलिंडर आले आणि हाताचं ते काम गेलं. खेळाडू पोझिशन न मोडता पुढचा छर्रा भरू लागले.

जिथे नियम उलटा आहे

बायथलॉनमध्ये बर्फावरून स्की करत जायचं आणि मधे थांबून नेम धरायचा. तिथली रायफल हवेची नसते, पॉइंट टू-टू बोअरची असते, पण तिचा नियम सांगण्याजोगा आहे: वजन किमान ३.५ किलो असलंच पाहिजे. आमच्याकडे "याहून जड नको", तिकडे "याहून हलकी नको". साहजिक आहे. रायफल पाठीवर घेऊन धावायचं म्हटल्यावर प्रत्येकजण ग्रॅम ग्रॅम खरवडून काढेल.

दहा मीटरवरच टार्गेट सरकत जाण्याचा एक प्रकार आहे, १९९२ ते २००४ ऑलिंपिकमध्येही होता. तिथे रायफलला दुर्बीण लावायची मुभा आहे आणि पुढचं वजन वेगळ्याच कामाला येतं. एकदा वळवलेली जड नळी एका लयीत वळत राहते, मधे अडखळत नाही. उभ्या टार्गेटवर जे वजन हालचाल थांबवतं, तेच सरकत्या टार्गेटवर हालचाल चालू ठेवतं.

घ्यायची असेल तर

अंजली भागवत २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचली, अथेन्सला २००४ मध्ये सुमा शिरूर पोचली, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. प्रत्येक पदकानंतर आपल्याकडे क्लबांत गर्दी होते आणि आई-बाबा विचारतात, "सर, याच्यासाठी कुठली घेऊ?"

पहिलं उत्तर: लगेच कुठलीच नाही. क्लबाच्या रायफलवर सहा महिने काढू द्या. चाळीस किलोच्या मुलीच्या हातात साडेपाच किलो म्हणजे तिच्या वजनाच्या सातव्या हिश्श्याहून थोडंच कमी. ऐंशी किलोच्या बापाला तेच पंधरावा हिस्सा. बापाला दुकानात "हलकीच आहे की" वाटलेली रायफल मुलीच्या पाठीला झेपेलच असं नाही. म्हणून मुलांना आधी टेकूवर ठेवून नेम शिकवतात, मग होल्डिंग, म्हणजे छर्रा न भरता नुसतं धरून उभं राहणं. होल्डिंग कंटाळवाणं असतं. पोरं पळवाटा शोधतात. तरी तेच करायचं असतं.

दुसरं, दुर्बीण. घराच्या मागे किंवा शेतावर टार्गेट लावून मजेखातर नेम धरणारे बहुतेक जण बंदूक घेतल्या घेतल्या दुर्बीण लावतात. अर्धा-पाऊण किलो वजन थेट नळीच्या वर चढतं. तोलाचा बिंदू वर गेला की बंदूक हातात डावी-उजवीकडे कलायला लागते. ती कलली की छर्रा बाजूला जातो, आणि दोष छर्‍यांच्या डब्याला. तीन किलोच्या बंदुकीवर आटोपशीर दुर्बीणच शोभते.

तिसरं, कायदा. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल आठ ज्यूलच्या आतबाहेरच असते. दुकानदार ताकद जास्त म्हणून कौतुकाने दाखवतो ती स्प्रिंगची बंदूक घेताना लक्षात ठेवा: ताकद जास्त म्हणजे स्प्रिंग दणकट, पिस्टन जड, उसळी मोठी. ती आवरायला बंदूकही जड हवी. हलकी आणि प्रचंड ताकदवान अशी स्प्रिंग बंदूक घेणारा पहिल्या आठवड्यात खूश असतो आणि दुसर्‍यात ग्रुपिंग शोधत बसतो. आणि पाखरांवर चालवायची नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा हवेच्या बंदुकीलाही तितकाच लागू आहे.

आणि वजन शून्य केलं तर?

पॅरा नेमबाजीत हा प्रयोग रोज होतो. एसएच वन गटातले खेळाडू रायफलचं वजन स्वतः पेलतात. अवनी लेखराने टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पॅरालिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलचं सुवर्ण याच गटात घेतलं. एसएच टू गटातल्या खेळाडूंच्या हातांना वजन पेलत नाही, म्हणून त्यांची रायफल स्टँडवर असते. बघणार्‍याला वाटतं, मग काय, सगळे दहाच. पण स्टँडच्या माथ्यावर स्प्रिंग असते, आणि ती किती लवचिक हे खेळाडूच्या हातात किती ताकद आहे यावर ठरतं. रायफल तिथे घट्ट बसत नाही, डुलते. वजन स्टँडने घेतलं, हालचाल मात्र खेळाडूकडेच ठेवली. त्यामुळे तिथेही श्वास धरावा लागतो, चाप अलगदच ओढावा लागतो. साठ फटक्यांना कमाल ६५४ गुणांपैकी ६३० च्या पुढे जाणार्‍यांची तिथे रांग असते आणि पदकं दशांशांवर ठरतात.